फारुक तांडेलांचं अकरावं प्रकरण

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, मृणालीच्या नाकावर माशी बसली तर माशीचंच काही खरं नाही. पण त्या एप्रिलमध्ये जो राग आला, त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता, आणि तो अजून उतरलेला नाही.

हरिश्चंद्रने रत्नागिरीत ‘गलबत डिजिटल प्रकाशन’ काढलं ते १९९८ साली. मारुती मंदिराजवळ वरच्या मजल्यावर दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक छपाईचं यंत्र आणि टायपिंगला मी. ज्याला पुण्या-मुंबईचा प्रकाशक दारात उभा करत नाही, त्याने आमच्याकडे यावं. आम्ही पन्नास प्रती काढून देणार, शिवाय पुस्तक सीडीवर आणि वेबसाईटवर. “मस्कतला बसलेला तुमचा भाचासुद्धा वाचेल,” असं हरिश्चंद्र सांगायचा आणि माणसं खुळावायची. निवृत्त मास्तर आले, खलाशी आले, कवी तर अळंब्यांसारखे उगवले. चार वर्षांत ऐंशी पुस्तकं झाली. पेपरात फोटो आला. त्यात मी अर्धी कापली गेले होते, तो राग वेगळा.

मग मस्कतच्या भाच्यांनी सीड्या उघडल्या. आमचा मराठी फॉन्ट चालायचा फक्त आमच्या मशीनवर. तिकडे पडद्यावर नुसत्या किडामुंग्या. वेबसाईटवरही तेच. मी हरिश्चंद्रला दहादा सांगितलं, नवीन पुस्तकं घेऊ नको, आधी हे निस्तर. तो म्हणे, “होईल गो, टेक्नॉलॉजी आहे.” झालं एवढंच, की लोक जिन्यातूनच शिव्या घालत वर येऊ लागले. २००३ सरेपर्यंत कवींनीही पाठ फिरवली.

फारुकचाचा आले ते याच पडत्या काळात. भाट्याचे राहणारे, जुने तांडेल. म्हणजे एकेकाळी अख्खं गलबत त्यांच्या हुकुमावर चालायचं.

“पाटीवर गलबत वाचला म्हणून जिना चढलो,” ते म्हणाले. “तुमच्यात कुणाला पोहायला तरी येताय काय?”

लांबट फुलस्केप कागदांवर हिरव्या शाईने लिहिलेली चौदा प्रकरणं. तेरा त्यांनी पिशवीतून एकदम काढून दिली. अकरावं मात्र दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आले, आणि मी ते टाईप करेपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसून राहिले.

अकराव्यात तहा होता. सकिनाचाचीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, धाकटा भाऊ. वीस वर्षांचा, चाचांच्याच गलबतावर खलाशी. १९७१ साली मंगळुरी कौलं घेऊन दाभोळला जाताना, अंजनवेलसमोर वादळात तो पाण्यात पडला. माघारी वळलं असतं तर गलबत आडवं होऊन उरलेली दहा माणसंही गेली असती. चाचांनी वळवलं नाही. घरी येऊन सांगितलं, लाटेने कधी नेला ते कुणाला कळलंच नाही. आणि आता कागदावर लिहिलं होतं की कळलं होतं, तो हाका मारत होता. शेवटच्या दोन ओळींपाशी माझी बोटं थांबली. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मान वळवली नाही.

“सकिनाला मराठी वाचता येत नाय,” ते खिडकीशीच बोलले. “छापून आला की मी वाचून दाखवीन. तेहतीस वर्षं तोंडी सांगूक बघतंय, जीभ उचलत नाय. पुस्तक हातात असला तर वाचता तरी येईल.”

“छापून मीच आणून देते, चाचा,” मी म्हटलं. शब्द दिला.

मार्चमध्ये त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. कळत मात्र सगळं होतं. काही विचारलं तर डावा हात उचलायचे, तो त्यांचा होकार. मी भेटायला गेले तेव्हा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. मला ते काय विचारतायत ते पक्कं ठाऊक होतं. म्हटलं, आठ दिवसांत आणते.

आठ दिवसांनी ऑफिसला कुलूप. हरिश्चंद्रने न सांगता गाशा गुंडाळला होता. कॉम्प्युटर चिपळूणच्या एका क्लासला गेले, तिथे पोचल्यापोचल्या पुसले गेले. माझ्या ड्रॉवरमधली सीडी तेवढी मी घरी आणलेली होती. वर माझ्याच अक्षरात मार्करने ‘फारुक तांडेल’. ती ओळखीच्या दुकानात लावली, तर आत काहीच नाही. कोरी. त्या दिवशी ती नीट भरलीच नव्हती, आणि मी उघडून न बघता वर नाव घालून मोकळी झाले होते. लोकांच्या चुका काढत बारा गावं हिंडणारी मी!

उरले मूळ कागद. हरिश्चंद्रला फोन लावला.

“पोटमाळ्यावरची पोती ना? ती परवा रद्दीत दिली गो.”

“लोकांची हस्तलिखितं रद्दीत दिलीस?”

“टाईप झाली होती ना सगळी? मग कागद घेऊन काय पुजायचे?”

पुढे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एप्रिलमध्ये रत्नागिरीतली रद्दी कुठे जाते ते शेंबडं पोरही सांगेल. रद्दीवाला म्हणाला, सगळी पोती दादूच्या बागेत, पावस रस्त्याला. आंब्याच्या पेट्या भरायला. ट्रक चारला वाशीला सुटतो. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. भाट्याचा पूल ओलांडताना रिक्षावाल्याला मी इतकी घाई केली, की तो म्हणाला, ताई, तुम्हीच चालवा.

शेडमध्ये आठ-दहा बायका पेंढा पसरून बसल्या होत्या. पुढ्यातल्या म्हातारीच्या, येसूबाईंच्या हातात हापूस होता, आणि हापूसभोवती हिरव्या शाईचा कागद.

“थांबा!” मी इतक्या जोरात ओरडले, की आंबा त्यांच्या हातातून निसटला.

बाहेर ट्रकपाशी साठ-सत्तर पेट्या खिळे ठोकून तयार होत्या. मी सळई उचलून पहिल्या पेटीच्या फळीत घातली. दादू धावत आला.

“ओ बाई! डोकंबिकं फिरलाय काय? माल उद्या बाजारात उभा राहायला हवा!”

“राहू दे उभा! यात माणसाचं बोलणं भरलंयस तू!” रडूही येत होतं आणि संतापही. “त्यांना आता बोलता येत नाही रे. फारुक तांडेलांचं आहे हे.”

दादू सळईला हात घालून उभा. तेवढ्यात येसूबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. “भाट्याचे तांडेल? माझ्या घोवाक त्यांनी वादळातून घरी आणलानी हा. दादू, सोड ती सळई.” आणि स्वतःच हातोडा घेऊन बसल्या. मग बाकीच्याही उठल्या.

दादूने घड्याळ बघितलं. “साडेचार. त्यापुढे एक मिनिट नाय,” म्हणाला, आणि स्वतः खिळे उपटायला लागला.

पेट्यांमागून पेट्या. चुरगळलेले कागद, आंब्याचा चीक, पेंढा. मी मांडीवर उलगडत होते, आकडे लावत होते. दोन, सात, तेरा. साडेचार झाले, पावणेपाच झाले, ड्रायव्हर हॉर्न मारत सुटला. तेरा प्रकरणं सापडली. अकरावं नाही.

“कालच्या गाडीतना गेला असंल,” येसूबाई हळूच म्हणाल्या.

अकराव्या प्रकरणाची आता जगात एकच प्रत उरली होती. ती मी.

चाचांच्या घरापर्यंत मी चालत गेले. रस्ताभर एकच विचार. चाचींना काही ठाऊक नाही, चाचांना बोलता येत नाही. मी गप्प बसले तर कोण विचारणार? बाईचं उरलंसुरलं सुख कशाला नासवा? विचार चांगलाच होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

चाची त्यांना पेज भरवत होत्या. मी कागद खाटेवर ठेवले. चाचांनी डाव्या हाताने एकेक उलटला. नऊ, दहा, बारा. हात थांबला. त्यांनी परत मागे बघितलं, मग माझ्याकडे. आणि खाटेच्या फळीवर हात आपटला. एकदा, दोनदा.

“काय म्हणतायत गो?” चाचींनी विचारलं.

“एक प्रकरण गेलं, चाची. माझ्या चुकीने. त्यात तुमचा तहा होता.”

चमचा वाडग्यात राहिला. मी चाचांकडे बघितलं. “सांगू?”

त्यांचा हात वर गेला.

मी सांगितलं. चाची ऐकून घेऊन खाटेकडे वळल्या. “तो हाका मारी व्हता?” हात वर. “तुमी आयकत व्हतात?” हात परत वर. चाची उठल्या आणि मागच्या पडवीत गेल्या. किती वेळ गेला कोण जाणे. चाचांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायची माझी हिंमत होत नव्हती.

त्या आल्या ते कोरे कागद नि पेन घेऊन. “लिव. आता, हितं, माज्यासमोर. त्यांनी लिवला व्हता तसाच.”

मी लिहिलं. मग मोठ्याने वाचलं. “चाचा, चुकलं तर हात वर करा.” सगळं शांतपणे ऐकलं त्यांनी. शेवट मी असा केला होता, की तहा थोडा वेळ ‘दुल्हाभाई, दुल्हाभाई’ म्हणत राहिला आणि मग आवाज थांबला.

हात वर गेला.

माझी बोटं ज्यांच्यापाशी अडली होती त्या दोन ओळी मी विसरले नव्हते. बाईसमोर लिहवल्या नव्हत्या, एवढंच. मी तेवढं खोडलं, खाली लिहिलं आणि वाचलं: “हाका थांबल्या नाहीत. आम्हीच लांब गेलो.”

चाचांचा हात तसाच वर राहिला होता, आता होकाराचा. सकिनाचाचींनी तो धरला आणि सावकाश खाली घेतला.