नवरीची कोरी जागा

भिंतीला कान असतात, असं तुम्ही माणसंच म्हणता. आज मात्र मला बोलायचंय, कारण पालिकेचा मजूर गोविंदा पहार घेऊन माझ्यासमोर उभा आहे.

मी लोणावळ्याच्या बाजारामागची, भाताच्या जुन्या वखारीची भिंत. वखार मोडली, पत्रे गेले, मी तेवढी उरले. मग डोंगरातल्या वाड्यांवरून मजुरीला आलेल्या अकरा घरांनी माझ्या पाठीला झोपड्या टेकवल्या. तोंडावर मात्र अख्खा बाजार थुंकायचा. लोक नाक मुठीत धरून जायचे.

एकसष्ट साली पालिकेचा हुकूम निघाला, घाण फार झालीय, भिंत पाडा. मी पडले की अकरा घरं उघड्यावर.

तेव्हा सावित्राबाईनं कंबर कसली. वाडीवर ती लग्नघरच्या भिंती चित्रांनी लिहायची. बायकांनी कचरा उपसला, मला शेणामातीनं सारवलं आणि तिनं तांदळाच्या पिठानं वरात काढली. सूर्य, चंद्र, वाजंत्री, घोड्यावर नवरा. लोक बघायला थांबू लागले. शकुबाईनं चहाची चूल मांडली, समोर न्हाव्यानं खुर्ची टाकली. खरं सांगते, मी मिरवायला लागले.

तरी साहेब आले. पहार गोविंदाच्या हाती होती, पण तो त्याच डोंगरातला. तो म्हणाला,

"साहेब, नवरी काढली न्हाई अजून. ती भितीवर येस्तवर लग्नाच्या भितीला आमी हात लावत न्हाई."

"कधी येणार ती?"

"येल तवा," सावित्राबाई म्हणाली.

साहेबांनी दुसरे मजूर बोलावले. तेही डोंगरातलेच निघाले. दर पावसाळ्यानंतर सावित्राबाई वरात पुन्हा काढायची, पण घोड्याशेजारची ती वीतभर जागा बारा वर्षं कोरी राहिली.

आज सावित्राबाईच्या नातीचं, चिंगीचं लग्न. आणि आजच नवे साहेब गोविंदाला घेऊन आलेत.

"आजे, मला भितीवर काढ," चिंगी म्हणाली.

काढावं तर घरं जाणार, न काढावं तर पोरीचं लग्न अपुरं. माझ्या अंगाचे पोपडे सुटू लागले. मी भ्याले, कशाला लपवू? शेवटी म्हातारीनं काडी पिठात बुडवली. नवरी अगदी चिंगीसारखी उतरली.

"आली ना नवरी?" साहेब म्हणाले. "गोविंदा, घाल घाव!"

गोविंदानं पहार उचलली. तेवढ्यात शकुबाईनं पिठाची वाटी हिसकावून घेतली आणि माझ्या दुसऱ्या टोकाला भराभरा घोडा काढला. वेडावाकडा, पण घोडाच. त्यावर नवरा.

"थांब, भाऊ! ही माझ्या पोरीची वरात. हिची नवरी यायचीय अजून."

गोविंदानं चित्राकडं पाहिलं, पहार खाली ठेवली आणि हात जोडले.

साहेब अजून ओरडताहेत. ओरडू देत. माझं एवढंच मागणं आहे, साहेब, जरा टेका, चहा घ्या. शकुबाईच्या कडेवर झोपलेली ती पोर अजून दोन वर्षांची आहे.