बिनतांदळाचे शिरवाळे

"बाबा, तुम्हाला मी जास्त आवडते की सुहासिनी?"

मधल्या सुट्टीत शुभा आणि नलिनीने पैज लावली होती की हे घरी जाऊन विचारून दाखव, मग शाळेच्या फाटकावरचा अख्खा पेरू, तिखटमीठ लावून, तुझा. रोज आमच्यापाशी त्या बाकावरच्या मैत्रिणीवरून कुरकुरतेस ना, मग एकदा त्यांनाच विचार. गेल्या वर्षीची मी असते तर विचारलं नसतं. पण ऑगस्टमध्ये वक्तृत्व स्पर्धेत अख्ख्या शाळेसमोर बोलून पहिली आल्यापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. बाबा कॉटवर बसून पायाला मलम लावत होते. मी समोर उभी राहिले आणि विचारून टाकलं.

बाबांनी मलमाचं झाकण लावलं. "ह्यो प्रश्न तुझो, की तुझ्या मैत्रिणींचो?"

"माझाच," मी म्हटलं, आणि ते काही खोटं नव्हतं.

बाबा हसले. "ज्या दिवशी ताटातलो शिरवाळो न तुटता ओठापर्यंत येतलो, त्या दिवशी सांगान."

उत्तर मिळालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी नलिनीने पेरू अर्धाच दिला. बाबांनी ते चेष्टेत म्हटलं होतं हे मलाही कळत होतं. तरी ते माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या शेवया. पिठाचे गोळे उकडायचे, गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दांडी दाबायची. खाली लांबच लांब दोरे पडतात. ते नारळाच्या गोड रसात बुडवून खायचे. साचा गावाहून आणलेला, माझ्या वयाच्या दुप्पट जुना. दांडी दाबणार बाबा आणि खाली ताट फिरवणार मी, हे मी चौथीत असल्यापासून ठरलेलं. ताट नीट फिरलं नाही तर एकाच जागी लगदा होतो, म्हणून ते दाबतात तेवढ्याच वेगाने मी फिरवायचं. त्या वेळी आम्ही दोघं बोलत नाही. आईसुद्धा मध्ये बोलत नाही.

टीव्हीवर नूडल्सची जाहिरात लागायला लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, हे आमचेच शिरवाळे, नुसते वाकडे. मग पाकिटं आणून आम्ही तेही खाल्ले. आणि मग सगळंच बंद झालं.

मिल बंद पडल्यावर बाबा मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर लागले. उभं राहून राहून पायाला फोड आला, तो चार महिने भरेना. तेव्हा दवाखान्यात कळलं, डायबेटिस. डॉक्टरांनी तांदूळ, मैदा, साबुदाणा, बटाटा सगळ्यावर काट मारली. गोळ्या दिल्या आणि बजावलं की पुन्हा लघवीच्या तपासणीत विटकरी रंग आला तर रोज इन्शुलिनची सुई. तेव्हापासून आई भाताचं पातेलं बाबांकडे पाठ करून उघडायची.

सुहासिनीला घरी मीच आणलं, हे सांगायलाच हवं. ती माझ्या बाकावर बसते, मुलुंडला बँकवाल्यांच्या कॉलनीत राहते आणि लायब्ररीतून नको नको ती पुस्तकं आणते. माझ्याकडून बाबांचं ऐकून ती म्हणाली, सोयाबीनच्या पिठात अंडं घालून नूडल्स करता येतील, तांदूळ नको, मैदा नको. तिच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून प्रयोग भांडुपला, आमच्याकडे. ती स्वतःच्या आईच्या नकळत चकल्यांचा पितळी सोऱ्या दप्तरात घालून आली. त्याला एकदा अंडं लागल्यावर तो परत न्यायची तिची हिंमत झाली नाही. तो आमच्याच फडताळात राहिला.

तिची पद्धत अशी: पिठात अंडी फोडायची, चिमूटभर मीठ, घट्ट मळायचं आणि सोऱ्या उकळत्या पाण्यावर धरून सरळ पाण्यातच दाबायचं. गरम पाण्यात अंडं आवळतं आणि दोरा धरून राहतो. मग कोबी, हिरवी मिरची, लसूण घालून परतायचं. बोटाएवढे तुकडे व्हायचे, फार लांब नाही. पण बाबा दोन दोन वाट्या खायचे.

खायचे ते खायचे, वर तिला "डॉक्टरीणबाई" म्हणायचे. माझं वक्तृत्वाचं बक्षीस कपाटावर आठवडाभर होतं, मला कुणी कसली बाई म्हटलं नाही. रविवारी दहा वाजल्यापासून बाबा गॅलरीत. "इली काय गे तुझी मैत्रीण?" ती आली की चांगला पाट तिला. तिचे बाबा जेवताना पेपर वाचतात, मीठ कमी आहे की जास्त तेही सांगत नाहीत, असं तिने एकदा सांगितलं. त्यानंतर तर बाबा प्रत्येक घासाला मान हलवून बोलायला लागले. आणि एका रविवारी स्टोव्हपाशी जागा पुरेना म्हणून बाबांनी आमचा साचा उचलून माळ्यावर टाकला. मला न विचारता. त्या दिवशी मला भूक नव्हती.

पैजेनंतरच्या रविवारी सुहासिनी भावंडांबरोबर मनोरीला समुद्रावर जाणार होती. शनिवारी तिने पिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि सगळं पुन्हा समजावलं, जसं काही मी तीन महिने तिच्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मी हो हो म्हटलं. रविवारी सकाळी मी स्टुलावर चढून साचा खाली काढला, धुतला, पुसला. सोऱ्या फडताळातच ठेवला.

तिच्या पद्धतीने करायचंच नव्हतं मला. शिरवाळे आमचे, तर आमच्यासारखे. मी अंडं न घालताच पीठ मळलं, गोळे केले, उकडले आणि गरम गरम साच्यात घातले. बाबांनी दांडी दाबली, मी ताट फिरवलं. खाली पडला नुसता भुगा.

बाबा म्हणाले, "चिमण्यांका घाल." आणि माझा चेहरा बघून मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "जावं दे गे. फुडल्या रविवारी डॉक्टरीणबाई करतली."

मी म्हटलं, दहा मिनिटं बाहेर बसा, दुसरं मळते. बाबा गॅलरीत गेले. आई बाजारात गेली होती. ओट्याखाली तांदळाच्या पिठाचा डबा होता. आधी एकच मूठ घेतली. मळून बघितलं, फुटत होतं. मग दुसरी मूठ. मग मुठी मोजल्या नाहीत. गोळे उकडले आणि बाबांना हाक मारली.

बाबा आत आले, दांडी दाबली आणि दोरे सुटले. पांढरट, गुळगुळीत, लांब, ताटाला तीन वेढे पडतील एवढे. मी फिरवत होते, ते दाबत होते, कुणी बोलत नव्हतं. कोबी मिरची घालून मी बाबांना पहिलं वाढलं. त्यांनी एक दोरा दोन बोटांनी उचलला, मान वर करून ओठापर्यंत आणला. तुटला नाही. त्यांनी तो ओढून खाल्ला, डोळे मिटले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू."

एवढंच. मी इतकी खूश झाले की त्या पिठात काय आहे ते मी खरोखर विसरले. तिसऱ्यांदा वाढलं तेही मीच.

दर रविवारी जेवणानंतर दोन तासांनी तपासणी असते. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून स्टोव्हवर तापवायची. निळं राहिलं तर झकास, हिरवं झालं तर जपून, पिवळं झालं तर डॉक्टर ओरडणार. चिमटा मी धरते. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि मी नळी काढेपर्यंत ते विटकरी झालं होतं.

बाबांनी नळी माझ्या हातातून घेतली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. खूप वेळ धरली. आई म्हणाली, खरं सांगा, नाक्यावर वडापाव खाल्ला ना? बाबांनी देवाची शपथ घेतली. मग आईचं लक्ष पिठाच्या पिशवीकडे गेलं.

"ह्या कसला कसला परक्या पीठ," ती म्हणाली. "त्या चेडवाक सांग, आता आमच्याकडे येव नको."

सुहासिनीने येऊ नये, तीन महिने मला हेच हवं होतं. मी काही न करता, काही न बोलता ते झालं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि मी गप्प राहिले. आईने नळी धुऊन पालथी घातली तरी गप्प. बाबा कॉटवर बसून दंडावरून हात फिरवत होते, सुई टोचतात त्या जागेवरून. मला ते दिसत होतं.

मग बाबा आईला म्हणाले, "तिका काय बोला नको. तिना माझ्यासाठी केल्यान. रोगच वाढलो माझो."

म्हणजे आत्तासुद्धा ती. ती मनोरीला वाळूत खेळतेय आणि इथे बाबा तिची बाजू घेतायत. शिरवाळे मी केले, साचा मी काढला, "तू" मला म्हटलं, आणि आता आळ आला तोही तिच्याच नावावर. माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"तिचे नव्हतेच ते. माझे होते. मी तांदळाचं पीठ घातलं त्यात."

आईचा हात उठला आणि तसाच राहिला. बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ओट्याखालच्या डब्याकडे. त्याच्या झाकणावर माझी पांढरी बोटं उमटली होती.

"म्हणजे रोग वाढूक नाय?" ते म्हणाले.

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. मला वाटलं हसतील, पण हसले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कित्या?"

का, तर त्यांच्या एका शब्दासाठी मी त्यांनाच भात चारला होता. डोळे पुसले आणि वक्तृत्वाला उभी राहते तशी, हात मागे बांधून, दोघांसमोर उभी राहिले.

"उद्या मी तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार आणि नळी लाल का झाली ते डॉक्टरांना मी सांगणार," मी म्हटलं. "रविवारी सुहासिनी येणार. तिलाही मीच सांगेन. तिच्या सोऱ्याने, तिच्या पद्धतीने करायचं, आणि ती शिकवेल तसं मी शिकणार. तुम्ही तिला डॉक्टरीणबाई म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण साचा आता माळ्यावर जायचा नाही, आणि त्याला तिने हात लावायचा नाही. माझं ठरलंय."