नात्याबाहेरचा परीक्षक

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या शिवाजी पेठेत म्हशींची मिरवणूक निघते. पुढं कुणाची म्हैस चालणार, त्यावर त्या घराची वर्षभराची इज्जत ठरते. गेली दोन वर्षं हा मान सयाजीच्या म्हशीकडं होता आणि गुंडूला दिवाळीचा लाडूही कडू लागत होता.

यंदा गुंडूनं म्हैस भादरली, तेल चोपडलं, शिंगांना मोरपिसं बांधली. त्याची पोरगी तेजस्वी प्राणीशास्त्र शिकलेली. तिनं म्हशीच्या पाठीवर चित्र काढलं: घोरपडीचं धड, मुंगसाचं तोंड. खाली लिहिलं, 'आमचा मूळपुरुष. वय पंचवीस कोटी वर्षं.'

सयाजी बघायला आलाच.

"माझी म्हैस तीन पिढ्यांची खानदानी हाय. ह्यो कोण पावणा?"

"सायनोडॉन्ट," तेजस्वी म्हणाली. "दूध पाजणारी समदी जात ह्याच्याच गोतातली. म्हैस, माणूस, सयाजीकाका, समदी."

खानदान एवढं वाढल्याचा सयाजीला आनंद झाला नाही, पण मुद्दा सापडला. परीक्षक होते भीमाप्पा, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. आणि परीक्षक स्पर्धकाच्या नात्यातला नको, हा मिरवणुकीचा जुना नियम.

"आप्पा, तुम्ही गुंडूच्या म्हशीचं भाऊबंद निघालासा की! उठा खुर्चीवरनं."

"तुझ्या म्हशीचाबी हायच की मी."

"म्हणून तर उठा!"

भीमाप्पा सरळ माणूस. उठले. दुसरा परीक्षक शोधावा, तर अख्खी पेठ भावकीतलीच.

गुंडूचं तोंड उतरलं. "पोरी, तुझ्या शिक्षणानं हातातला मान घालवला की गं."

तेजस्वीनं इकडंतिकडं पाहिलं. बनाबाईच्या दारात कोंबडी दाणे टिपत होती.

"ही चालंल की. पाखरं, सरडे दुसऱ्या घरातले. त्यांची-आपली वाटणी होऊन बत्तीस कोटी वर्षं झाली."

भीमाप्पांनी विचार केला. "एवढ्या लांबचं सुतकबी लागत न्हाय. सोडा तिला. जिच्यावर बसंल ती म्हैस पुढं."

कोंबडी दोन म्हशींच्या मधोमध सोडली. तिनं सयाजीच्या म्हशीकडं तिरकं पाहिलं, फडफडून गुंडूच्या म्हशीवर बसली आणि थेट मूळपुरुषाच्या तोंडावर शिटली.

"ह्यो निकाल न्हाय, अपमान हाय!" सयाजी ओरडला.

"भावकीतला जुना राग असंल," भीमाप्पा म्हणाले. "बसली कुठं, ते बघ."

हलगी कडाडली. कोंबडी काही उतरेना, तेव्हा तिच्यासकट म्हैस पुढं निघाली. शेजारून चालणाऱ्या गुंडूनं फेटा सावरला आणि तिला हात जोडले.

"बाई, वाटणीत काय कमीजास्त झालं असंल, तर पोटात घाला."