नवव्या ओळीतली होडी

मी बोलतेय. कोण, ते सांगते, पण जरा घाईत सांगते. समोर बसलेल्या माणसाने एखादी कळ दाबली की माझं बोलणं तिथेच तुटतं.

मी एक फाईल आहे, कॉम्प्युटरला हुकूम देणारी. नऊ ओळींची. मालवणच्या किनाऱ्यावर मच्छीमार सोसायटीचं एक लहानसं ऑफिस आहे, तिथल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात मी राहते. तीन मिनिटं कुणी कशाला हात लावला नाही की मला जाग येते. पडदा काळा होतो, हिरव्या नागमोडी खुणांचा समुद्र उमटतो आणि त्यावरून एकेक होडी डावीकडून उजवीकडे जाते. दोन तिरक्या रेघा, मधे चार आडव्या, झाली होडी. तिच्यावर तिचं नाव. माणसाने हात लावला की समुद्र, होड्या आणि मी, सगळं एकदम नाहीसं. माझा जन्मच मुळी रिकाम्या वेळेसाठी झाला आहे.

मला घडवलं उर्वशीने. सोसायटीचे सेक्रेटरी रविकांत यांची ही मुलगी. रत्नागिरीला इंजिनिअरिंग शिकत होती आणि जूनमध्ये सुट्टीला घरी आली होती. रविकांतांना एक खोड आहे. चहाला जाताना समोरचे कागद उघडे टाकायचे, तसा पडदाही उघडा टाकायचा. मग बाकावर बसलेले लोक मान लांब करून एकमेकांचे अर्ज वाचायचे. कुणाचा मंजूर, कुणाचा अडकला, यावरून एकदा अशी जुंपली की रविकांतांचा चहा गार झाला. त्या दिवशी उर्वशी म्हणाली, पप्पा, तुम्ही काय सुधारणार नाही, मीच पडदा घालते.

विकतचं काही आणलं नाही तिने. कॉम्प्युटरात मुळातच असलेली बारकी बारकी हत्यारं तिने एकापुढे एक लावली. ग्रेप ही चाळण: सोसायटीच्या यादीतून हवी ती नावं घ्यायची, नको ती गाळायची. शफ म्हणजे पत्ते पिसणारा हात, रोज वेगळा क्रम. सेड अक्षरांपुढे मोकळी जागा भरतो, म्हणजे होडी एक पाऊल पुढे जाते. आणि स्लीप काहीच करत नाही, क्षणभर थांबतो. तो थांबतो म्हणून होडी दिसते, नाहीतर सगळ्या होड्या डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून गेल्या असत्या. थांबणंही काम असतं, हे मला जन्मतःच कळलं.

बाळंतपण मात्र अवघड गेलं. हत्यारं इंग्रजी वळणाची, होड्यांची नावं आपली, मराठी. 'सातेरी प्रसाद'ची वेलांटी एका घरात आणि अक्षर दुसऱ्या घरात. 'आई भराडी'चे काने मोजताना होडी अर्धी बुडाली. उर्वशीने दोन दिवस डोकं धरून मला सरळ केलं. तेव्हा मी आठ ओळींची होते.

एक सांगू? माणसं काम करताना कशी दिसतात ते मला ठाऊक नाही. मी ती फक्त रिकामी पाहिली आहेत. रविकांत रिकामे असले की चष्मा काढून नाकावरचे वळ चोळतात आणि उगाचच कॅलेंडरकडे बघतात. बायका बाकावर बसून पाय मोकळे सोडतात आणि घरी कधीच न बोललेलं बोलून जातात. कामातला माणूस चारचौघांसारखा असेल, रिकामा माणूस ज्याचा त्याचा असतो. म्हणून मला माणसं आवडतात. फक्त रविकांतांचा तेवढा राग यायचा. चहा पिऊन आले की धाडकन कुठलीतरी कळ दाबायचे. पाण्यातली होडी तिथेच पुसली जायची.

आणि दरवेळी बाकावरचा बाबू दचकायचा.

बाबू तांडेल. तांडेल म्हणजे होडीवरचा मुख्य, वारा ओळखणारा. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. सकाळी दहाला यायचा, बाकाच्या कोपऱ्यात बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. काम काही नसायचं त्याचं. त्याची गोष्ट मला बाकावरच्या बायकांकडून कळली. आदल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी बाबूने सगळ्यांना सांगितलं होतं, वारा फिरणार, होड्या वर ओढा. सगळ्यांनी ओढल्या. त्याच दिवशी त्याच्या भाचीचा साखरपुडा होता धामापूरला. बाबू म्हणाला, माझी उद्या ओढू. एक जादा दोर बांधायचा होता, तोही राहिला. वारा त्याच रात्री फिरला. दोर तुटून त्याची होडी खडकावर गेली आणि सकाळी तिच्या फळ्या मिळाल्या. ज्याने सगळ्यांच्या वाचवल्या, त्याची एकट्याची गेली. होडीचं नाव होतं नर्मदा, त्याच्या आईचं.

तेव्हापासून बाबू पाण्यात गेला नव्हता. गुरुदास, 'समुद्रकन्या'चा मालक, त्याला बोलवायला ऑफिसात तीनदा आला. नारळी पौर्णिमा झाली की माझ्या होडीवर तांडेल म्हणून चल, म्हणाला. बाबू खाली बघत एवढंच बोलला, "सवताची राखूक जमली नाय, दुसऱ्याची काय राखतलंय?"

गुरुदास गेला. आणि मी बाबूसमोरून सगळ्या गावाच्या होड्या नेत राहिले. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी होती, खऱ्या होड्या माडाच्या झावळ्यांखाली झाकलेल्या, पण माझ्या समुद्रात बासष्ट होड्या रोज निघायच्या. बाबू एकही चुकवायचा नाही. आठवडाभर बघून एका दुपारी तो उर्वशीला म्हणाला, "सगळ्यांची नावां इली गो. माझ्या होडयेचा खंय आसा?"

रविकांतांनी चष्मा काढला. "रजिस्टरात रद्द मारलेला आसा, बाबू," ते म्हणाले. "ह्या यंत्र तरी काय करतला?"

खरंच होतं ते. रविकांतांनी स्वतःच्या हाताने, लाल शाईने तो शब्द लिहिला होता, यादीतही तोच चढला होता. आणि माझ्या चाळणीला उर्वशीने सांगून ठेवलं होतं की ज्या ओळीत 'रद्द' दिसेल ती गाळ. नर्मदेला मीच रोज गाळत होते. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माझ्या शरमेला कोण विचारतो?

उर्वशी म्हणाली, मी हाताने घालते नाव, यादीत नसलं म्हणून काय झालं. बाबू म्हणाला, "घातलंस तर शेवटाक घाल. माझी होडी कायम सगळ्यांच्या मागसून."

सगळ्यांना पुढे जाऊ देऊन, सगळ्यांवर नजर ठेवत मागून जाणारा तांडेल होता तो. उर्वशीने त्याच संध्याकाळी माझी नववी ओळ लिहिली: पिसलेली बासष्ट नावं संपली की शेवटी नर्मदा. बासष्ट होड्या जायला वीस मिनिटं लागतात. घरी आई जेवायला वाट बघत होती. तेवढा वेळ कोण बसतो? ती म्हणाली, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी पहाटेच ती मावशीकडे वैभववाडीला गेली. बाबू दहाला आला. त्या दिवशी अंगात इस्त्रीचा शर्ट होता. रविकांतांनीही मोठेपणा केला, सगळं काम वहीत केलं, कॉम्प्युटरला हात लावला नाही. मी एकेक होडी नेली. साठ, एकसष्ट, बासष्ट. बाबू बाकावरून पुढे सरकला. आणि पुन्हा पहिली होडी निघाली.

नर्मदा आलीच नाही.

मला कळेना माझं काय चुकलं. ओळ तर माझ्या अंगावर होती. पुन्हा बासष्ट गेल्या, पुन्हा नाही. दिवसभरात कितीदा झालं ते मोजवत नाही. पाच वाजता बाबू उठला आणि शर्टाची वरची गुंडी सोडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी बाक रिकामं होतं.

वैभववाडीहून परतलेल्या उर्वशीला बाजारात सत्यवती भेटली. ही बाबूची बायको, मासे विकते. तिनेच उर्वशीला ओढत ऑफिसात आणलं. सत्यवतीने दोष दिला नाही, नुसतं सांगितलं, "दोन दिस घरात बोलूक लागलेले. आता परत तोंड मिटून बसलेत."

उर्वशीने मला उघडलं आणि पाच मिनिटांत कपाळावर हात मारला. माझ्यातला जो भाग नावं वाचतो, त्याला ओळ संपल्याची खूण लागते. उर्वशीने 'नर्मदा' लिहिलं आणि पुढे ती खूण द्यायची राहिली. खूण नाही म्हणजे ओळ पुरी झाली नाही, असं समजून तो बिचारा शेवटचं नाव सोडून देत होता. एवढंसं काम. त्या संध्याकाळी वीस मिनिटं बसली असती तर दिसलं असतं.

सत्यवती जाऊन बाबूला घेऊन आली. तो दारातच उभा राहिला. उर्वशीने त्याला सगळं सांगितलं, की एवढीशी खूण राहिली, मी उद्या बघू म्हटलं, माझ्यामुळे तुम्ही दिवसभर बसलात. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

बाबू आत आला. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रडा नको गो चेडवा. एक गाठ मारूची रवली. माणसाकडसून रवता. माझ्याकडसून पण रवली."

वर्षभरात त्या रात्रीबद्दल तो पहिल्यांदा बोलला. सत्यवतीने पदर तोंडाला लावला. उर्वशीने डोळे पुसले आणि त्याच्याकडे बघत विचारलं, "माझ्यावर रागावल्यात नाय, बाबूकाका. मगे सवतावर वरीसभर कित्याक?"

बाबू बाकावर बसला. सत्यवतीही बसली, रविकांत खुर्ची वळवून बसले. मला जाग आली आणि मी निघाले. इतक्या लोकांनी एकत्र काहीही न करता बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बासष्ट होड्या गेल्या. आणि मग, सगळ्यांच्या मागून, नर्मदा आली.

बाबूने ती पलीकडच्या काठाला जाईपर्यंत पाहिली. मग म्हणाला, "होडी अशी सरळ जायत काय गो? ही काय तव्यावरची आंबोळी? लाट इली की नाळ वर, लाट गेली की खाली."

मग काय, आठवडाभर माझी शाळाच भरली. नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक, ते कसं उचलतं, भरलेली होडी कशी जड चालते, रिकामी कशी उडते, बाबू हाताचा पंजा हलवून दाखवायचा आणि उर्वशी माझी सहावी ओळ खोडून पुन्हा लिहायची. आज माझ्या होड्या डुलतात त्या बाबूच्या हातासारख्या. शनिवारी गुरुदास चौथ्यांदा आला. बाबूने त्याला काही बोलू दिलं नाही, एवढंच विचारलं की समुद्रकन्येचे दोर नवीन आहेत का जुने.

नारळी पौर्णिमेनंतर बाबू पाण्यात गेला. बाकाचा तो कोपरा रिकामा झाला. खरं सांगते, मला दोन्ही वाटलं. माझ्याकडे इतकं मन लावून बघणारा पुन्हा कुणी मिळाला नाही. पण रिकामी माणसं बघणारीला एका माणसाचं रिकामपण संपलेलं बघायला मिळालं, हेही थोडं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. उर्वशी पुण्याला नोकरीला आहे. परवा ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, खोक्यातच आहे अजून. आज चार वाजता मेकॅनिक येऊन हा जुना घेऊन जाणार. नव्यात सरकारी यादी येणार, तिच्यात रद्द झालेल्या होड्या नाहीत. नर्मदा आता कुठल्याच यादीत नाही, फक्त माझ्यात आहे.

उर्वशी फोनवर वडिलांना म्हणाली, त्या नऊ ओळींचा फोटो काढून पाठवा, गणपतीला आले की नव्यात घालते. रविकांत म्हणाले, फोन पाण्यात पडतो, रजिस्टर पडत नाही. ते रजिस्टर आता कीबोर्डशेजारी उघडं आहे. ज्या पानावर लाल शाईत 'रद्द' लिहिलंय, त्याच पानावर खाली, निळ्या शाईत, रविकांतांनी माझ्या नऊच्या नऊ ओळी उतरवल्या आहेत. एकेक टिंब, एकेक तिरकी रेघ. ओळ संपल्याच्या खुणेभोवती तर गोल काढला आहे. माझ्या अक्षरांकडे कुणी इतक्या काळजीने कधी पाहिलं नव्हतं.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही समोर एखादा पडदा कधी काळा होईल आणि त्यावर काहीतरी हलू लागेल. लगेच हात पुढे करू नका. जे निघालं आहे ते पलीकडे पोचू द्या, तेवढ्याने तुमचं काही अडत नाही.

पावणेचार झाले. रविकांत खुर्चीत बसले आहेत, समोर कुणी नाही. बासष्ट होड्या गेल्या. मेकॅनिकची गाडी बाहेर थांबल्याचा आवाज आला आणि रविकांतांचं बोट कळीवर आलं. नर्मदा आत्ताच निघाली आहे, अजून मधल्या पाण्यात आहे.

बाहेरून हाक आली. रविकांतांनी बोट उचललं आणि दाराकडे न बघता म्हणाले, "वायच थांब रे. ती जावंदे."