सात जावयांचा किल्ला

बाइंडरकाकांनी तापलेला ठसा पुस्तकाच्या कण्यावर दाबला, मनातल्या मनात पाच अंक मोजले आणि उचलला. सोनेरी अक्षरं उमटली होती: ‘सात जावयांचा किल्ला’. खरं नाव ‘सात दारांचा किल्ला’. पुस्तक असं गाजलेलं, की न वाचलेल्यालाही नाव तोंडपाठ. अक्षरं मात्र सुरेख आली होती, त्यांत खोट काढायला जागा नव्हती.

बायको होती तेव्हा हा दोघांचा खेळ होता. ती पानं शिवता शिवता एखाद्या नावाजलेल्या पुस्तकाच्या नावातला एक शब्द बदलून सोडून द्यायची, आणि काकांनी हातातलं काम न थांबवता तो पकडायचा. नाही पकडला तर ‘हरलो’ म्हणायचं आणि चहा टाकायचा. काका बरेचदा मुद्दाम हरत. तिला ते कळत असे, पण चहा आयता मिळत असताना तक्रार कोण करतो?

ती जाऊन तीन वर्षं झाली. पहिल्याच वर्षी काकांनी वाचनालयाच्या एका पुस्तकावर ‘नदीपलीकडचा न्यायाधीश’च्या जागी ‘नदीपलीकडचा शिंपी’ छापलं. गळाला लावलेलं आमिषच होतं ते. कोणीतरी तणतणत दुकानाची पायरी चढेल, चार शब्द सुनावेल, एवढीच आशा. कोणी आलं नाही. मग ‘धुक्यातली माणसं’ची ‘धुक्यातली भांडी’ झाली, आणखीही झाली. आजचं अकरावं. माणसं पुस्तकं नेत होती, आणत होती आणि कण्याकडे ढुंकूनही पाहत नव्हती. घरात भिंतींशी तरी किती बोलायचं?

सोमवारी गठ्ठा घेऊन ते वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाई एरवी गठ्ठा न सोडताच ठेवून घेत. आज त्यांनी काकांसमोरच दोरी सोडली. किल्ल्यापाशी त्यांचा हात थांबला. त्यांनी उठून दार लोटलं आणि आपलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात दहा पुस्तकं उभी होती. प्रत्येकाच्या कण्यावर, चुकलेल्या शब्दावर, पांढऱ्या कागदाची पट्टी. पट्टीवर बाईंच्या नेटक्या अक्षरात खरा शब्द.

“दारांचा, काका,” बाई हळूच म्हणाल्या. “जावयांचा नाही.”

तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते असं, दार लोटून, हलक्या आवाजात आलं.

बाई मग थांबल्या नाहीत. पहिल्या पुस्तकापासूनच त्यांच्या लक्षात आलं होतं. समितीच्या कानावर गेलं तर काकांचं काम जाईल, म्हणून वाचकांच्या हाती पडण्याआधीच त्या पट्टी लावत. उद्या तपासणी होती, तेव्हा सगळी गोळा करून कपाटात ठेवली होती. त्यांच्या वडिलांचं विसरणंही असंच एकेका शब्दापासून सुरू झालं होतं. कोणी चूक दाखवली की ते दिवसभर जेवत नसत. म्हणून त्या काकांना इतके दिवस काही बोलल्या नव्हत्या.

काकांनी तोंड उघडलं. माझं डोकं ठणठणीत आहे, हे मी मुद्दाम केलं, एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

“घरी कोण असतं तुमच्या?” बाईंनी विचारलं.

“आता कोणी नाही.”

बाईंनी खुर्ची ओढून काकांना बसवलं, स्वतःची खुर्ची शेजारी घेतली. कप्प्यातलं पहिलं पुस्तक काढून त्यांनी पट्टीवरचा शब्द बोटाने झाकला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं,

“नदीपलीकडचा कोण, आठवतं का?”

काकांना न आठवायला काय झालं होतं? त्यांनी कपाटातल्या उरलेल्या नऊ पुस्तकांकडे एकदा पाहून घेतलं.

“हरलो,” ते म्हणाले. “तुम्हीच सांगा.”