तीन नंबरच्या खुर्चीवरचा डोळा

मित्रांनो, आधी एक सांगा. आत येताना तुम्ही वर का पाहिलंत? सहज? सगळे असंच म्हणतात.

मी एक जुना कॅमेरा आहे. परीक्षा केंद्रातल्या एका खोलीच्या छताला, तीन नंबरच्या खुर्चीच्या जरा बाजूला, मी टांगलेला असतो. छताला चिकटवलेल्या वाटीसारखं माझं काळपट झाकण आहे आणि त्याच्या आत माझा डोळा. सहज वर पाहणारी माणसं मला आवडत नाहीत. न पाहणारी तर त्याहून आवडत नाहीत, कारण ती मुद्दाम पाहत नसतात.

हा स्वभाव मी कारखान्यातूनच घेऊन आलो. तिथे सरकत्या पट्ट्यावरून मी एका बाईंच्या हातात पोचलो. त्यांनी माझ्यासमोर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा कागद धरला, पडद्यावर चित्र पाहिलं आणि माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. झालो मी पास. ती माझी पहिली परीक्षा आणि शेवटचीही. एवढं लक्षात ठेवा, कारण त्याबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

मला जिथे लावलं, तिथे शाळेतली मुलं येत नाहीत. मोठी माणसं येतात. कोणी सर्व्हर सांभाळणारं असतं, कोणी कार्यालयांत नेटवर्क जोडून देणारं, तर कोणी संगणकावरच्या चोऱ्या पकडणारं. आपल्याला काम येतं याचं प्रमाणपत्र त्यांना लागतं आणि ते प्रमाणपत्र दुधासारखं नासतं. दर तीन वर्षांनी पुन्हा येऊन परीक्षा द्यायची. मुदत चुकली तर होतं तेही गेलं, मग पहिल्या पायरीपासून सुरुवात. संगणकाची दुनिया भराभर बदलते, म्हणून असं करतात म्हणे. मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटतं, पण ते असो.

आत सोडण्याआधी त्यांचा मोबाइल, घड्याळ, पाकीट सगळं कपाटात ठेवून घेतात. खिसे उलटे करा, बाह्या वर घ्या, चष्मा काढून दाखवा. हे सगळं मॅडम करून घेतात. मॅडम म्हणजे आमच्या पर्यवेक्षक. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत बसून त्या पडद्यावर माझ्या डोळ्याने पाहतात. आमचं दोघांचं छान जमतं, कारण विश्वास त्याही कोणावर ठेवत नाहीत. एकदा खुद्द केंद्राच्या मालकांना, म्हणजे साहेबांना, त्यांनी खिसे उलटे करायला लावले होते.

सुरुवातीला माझा काय थाट होता! एकदा एक गृहस्थ आले. ओळखपत्र बरोबर, चेहरा बरोबर. पण मागच्या महिन्यात नापास झाले तेव्हा हेच गृहस्थ कच्चं काम डाव्या हाताने लिहीत होते आणि आता उजव्या हाताने! मॅडमनी माझं जुनं चित्रण काढून पाहिलं. थोरल्या भावाच्या जागी धाकटा येऊन बसला होता. "दादाला वेळच नसतो हो," असं म्हणून तो उलट आमच्यावरच रुसला. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याच्या नजरेतून काही सुटायचं नाही." मी फुगून गेलो.

तेव्हा दर आठवड्याला वायरमन शिडी घेऊन यायचा आणि मऊ फडक्याने माझं झाकण पुसायचा. पुसताना शीळ घालायचा. कशाबद्दल घालायचा, ते मला अजून कळलेलं नाही. पुढे साहेब म्हणाले, "चित्र दिसतंय ना? मग कशाला उगाच शिडी नाचवायची?" वायरमन यायचा बंद झाला. माझ्या अंगावर धूळ बसली. मधूनच झाकणावर कसली तरी गुदगुली व्हायची, पण मला जमिनीवर पडलेली टाचणी दिसते, स्वतःच्या झाकणावर काय आहे ते दिसत नाही. गुदगुली कोण करतंय, हे मी कुणाला विचारणार?

अशातच ती आली. मी तिला हेल्पडेस्कवाली ताई म्हणतो. एका कंपनीत लोकांचे संगणक अडले, की ते हिला फोन करतात आणि ही फोनवरूनच त्यांचं घोडं पुढे ढकलते. बरोबर सासूबाई आल्या होत्या. सुनेची पर्स मांडीवर घेऊन त्या बाहेरच्या बाकावर बसल्या.

दारातच ताई मॅडमना सांगू लागली, "आज माझ्या प्रमाणपत्राचा शेवटचा दिवस आहे हो. सुट्टीच मिळत नव्हती, म्हणून तारीख पुढे पुढे जात राहिली. आज हे हातचं गेलं तर टीमची प्रमुख म्हणून मला ठेवणार नाहीत. ज्यांना मी कामाला लावलं, त्यांच्याच हाताखाली बसायचं म्हणजे..."

"केस कानामागे घ्या," मॅडम म्हणाल्या.

मला मॅडमचं हे फार आवडतं. एवढं बोलणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असतंच.

ताई तीन नंबरवर बसली. पहिले काही प्रश्न तिने भराभर सोडवले. मग एक अवघड प्रश्न आला असावा. तिचा डावा हात कानापाशी गेला, बोटाने काहीतरी दाबल्यासारखं केलं, ओठ हलले आणि तिने उत्तर टिपलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. कानाशी बोट, मग ओठ, मग उत्तर. माझा डोळा तिच्यावरून हटेना. ही कोणाशी बोलते आहे? पलीकडून तिला कोण सांगतं आहे?

तेवढ्यात ती जरा मागे रेलली आणि मला ती दिसली. तिच्या कानाजवळून खांद्याकडे उतरणारी बारीक, करडी तार.

मॅडमनाही दिसली. त्या ताडकन उठून आत आल्या.

"उठा."

"का? काय झालं?"

"कानात काय घातलंय?"

"कानात? काही नाही!"

"मला वायर दिसतेय. बाहेर या."

"अहो, घड्याळ चालू आहे परीक्षेचं. ते तरी थांबवा!"

"ते माझ्या हातात नसतं. चला."

दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं मला ऐकू आलं. मॅडमनी तिचे कान पाहिले, केस पाहिले, कॉलर उलटी करून पाहिली. काही सापडलं नाही.

"कुठे टाकलीत?" मॅडमनी विचारलं.

"काय?"

"वायर."

सासूबाई पर्स सावरत उठल्या. "अहो, माझ्या सुनेच्या कानात काय शोधताय तुम्ही?"

"सारखा हात कानाशी नेतात या. बोट दाबतात, पुटपुटतात. कोणाशी बोलत होतात, सांगा ना."

ताई गोंधळून स्वतःच्या हाताकडे पाहायला लागली. "मी हात नेत होते?"

"नेतेस की!" सासूबाई म्हणाल्या. "घरीसुद्धा नेतेस. दिवसभर तो हेडफोन डोक्याला लावलेला असतो हिच्या. मी स्वयंपाकघरातून हाक मारली, तरी आधी कानाशी बोट नेऊन बटण दाबते आणि म्हणते, 'बोला, काय अडचण आहे?' डोक्यावर काही नसतं हो! परवा तर झोपेत म्हणाली."

"घरची माणसं घरच्यासारखंच बोलणार," मॅडम म्हणाल्या.

मलाही अगदी तसंच वाटलं. सासू सुनेची बाजू घेते आहे म्हटल्यावर तर माझा संशय दुप्पट झाला.

ताई रडवेली झाली होती. आत तिचं घड्याळ पळत होतं आणि ती बाहेर भिंतीला टेकून उभी होती. मॅडम आपल्या खोलीत जाऊन अहवाल लिहू लागल्या. तो अहवाल एकदा गेला की परत बोलावता येत नाही. मग तिचं प्रमाणपत्र तर गेलंच असतं, शिवाय तिला कुठल्याच केंद्रात पुन्हा बसू दिलं नसतं. लबाड म्हणून तिच्यावर कायमचा शिक्का बसला असता.

अहवालाला पुरावा म्हणून चित्र जोडावं लागतं. ते घ्यायला मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर त्या घडीची खोली होती. तीन नंबरची खुर्ची रिकामी होती.

तार तिथेच होती.

मॅडम पडद्याच्या आणखी जवळ सरकल्या. मीही पाहत राहिलो. कान बाहेर भिंतीशी उभा आहे, मग ही तार कशाला लोंबकळते आहे? हवेला?

मग मॅडम स्टूल घेऊन आत आल्या आणि त्यावर चढल्या. इतकी वर्षं त्या माझ्या डोळ्याने पाहत होत्या, पण माझ्याकडे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी एक बोट फिरवलं, बोटाला काय लागलं ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "कोळ्याचा धागा."

त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझं झाकण पुसलं. मग दाराशी जाऊन ताईला म्हणाल्या, "बसा. अहवाल मी पाठवलेला नाही."

"आणि गेलेला वेळ?"

मॅडमनी पुढे होऊन तिची खुर्ची ओढून दिली.

ताई येऊन बसली. बसताना तिने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला, चुकूनही वर जाऊ नये म्हणून. प्रश्न समोर होता आणि ती नुसती पाहत होती. हात अडकला तसं डोकंही अडकलं. मित्रांनो, संशय घेणं हे माझं कामच आहे, पण तो दाबून धरलेला हात पाहून मला फार वाईट वाटलं.

मॅडमनी दार किलकिलं केलं. "हात मोकळा ठेवा," त्या म्हणाल्या. "कानाशी न्यायचा तर न्या."

हात सुटला, कानाशी गेला आणि उत्तरं पुन्हा सुरू झाली. शेवटचे काही प्रश्न राहिले असतानाच वेळ संपला. निकाल लगेच पडद्यावर येतो. तो मला नीट वाचता येत नाही, पण लोकांच्या खांद्यांवरून कळतो. ताईचे खांदे आधी वर गेले, मग एकदम सैल पडले आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "झालीस का गं पास?" आणि ती म्हणाली, "झाले, आई."

जाताना ती दारात थांबली. तिने वळून थेट माझ्याकडे पाहिलं, कानाशी बोट नेलं आणि म्हणाली, "बोला, काय अडचण आहे?" सासूबाई खो खो हसल्या. मॅडम हसल्या नाहीत.

मला तोंड नाही, म्हणून त्या दिवशी राहिलेलं उत्तर आज तुम्हाला देतो. त्या ताईला आपलं काम येतं, हे दर तीन वर्षांनी पुन्हा सिद्ध करावं लागतं. मला नीट दिसतं का, हे कारखान्यातल्या त्या बाईंनंतर कोणीही तपासलेलं नाही. पाठीवरची हिरवी पट्टी कधीच पिवळी पडली. तरी माझ्या शब्दावर माणसांची नोकरी जाऊ शकते. दुसऱ्यावर नजर ठेवणाऱ्याचा डोळा आधी पुसून घ्यावा लागतो, मित्रांनो, आणि तो त्याला स्वतःला पुसता येत नाही.

त्या प्रकारानंतर मॅडम काही दिवस रोज सकाळी माझं झाकण पुसत होत्या. मग दिवसाआड पुसू लागल्या. मग त्यांची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली. नवे सर पडद्यावर चित्र दिसलं की खूश असतात.

परवापासून मला पुन्हा गुदगुली होते आहे. आणि आत्ता या क्षणी तीन नंबरच्या खुर्चीवर एक गृहस्थ बसले आहेत, त्यांच्या कानाजवळ मला काहीतरी करडं दिसतं आहे. नवे सर खुर्ची मागे सारून उठले सुद्धा.

मित्रांनो, कोणीतरी आधी स्टूल आणा.