मुशीचे तेल

दयारामाचा ट्रक अजून कुठेच नव्हता, तरी त्याने अर्धे अंगण अडवले होते. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या सामानातून चासी, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, मिळाली होती. मागच्या चाकांचा आस पळस्प्याच्या एका गॅरेजमागे झुडपांत सापडला. गिअरपेटी भलत्याच जातीच्या गाडीची होती. ती कशी बसवायची हे फक्त आनंदाला ठाऊक होते.

आनंदा हा त्याचा धाकटा भाऊ. पनवेलच्या खाडीकाठच्या त्यांच्या मिठागरात त्याचे मन कधी रमले नाही. त्याला वेड यंत्रांचे. तो कायमचे मुंबईला जाण्याची भाषा करू लागला, तेव्हा दयारामानेच हा बेत काढला. घरचे मीठ घरच्या गाडीतून पुण्यापर्यंत जाईल, असे तो चारचौघांत सांगे. ट्रक झाला तर आनंदा घरी राहील, हे मात्र त्याने कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

एका सकाळी दोघांनी अंगणात चुन्याने ट्रकचा पुरा आराखडा आखला. दयारामाची बायको मैना सूप घेऊन बाहेर आली आणि नेमकी पुढच्या चौकोनात उभी राहिली.

"वैनी, सरका. इंजिन हाय तिथं," आनंदा म्हणाला.

"आनि माजी जागा कुटं?"

"मागं हौद्यात. मिठावर."

"म्हंजी सुकी मासली करता काय माजी?"

आनंदाने हसत चुना उचलला आणि पुढची बैठक तिघांना पुरेल इतकी रुंद केली.

इंजिन मिळाले ते पावसाळा तोंडावर आला तेव्हा. वेल्डिंगचे काम शिकायला आनंदा चार महिने मुंबईच्या एका कारखान्यात राहणार होता. जाताना त्याने तेलाचा डबा पुढे केला. "दादा, पावसात गंज चढला तर इंजिन मेलं समज. तेल टाकत जा. दसऱ्याला येतो, मंग जोडूच."

श्रावणातच डबा संपला. बाजारात तसले तेल मिळाले असते. पण त्याच सुमारास उरणचा तुळशीराम कोळी मासळी घेऊन आला आणि इंजिनाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मुशीचं तेल लाव. माजी होडी बापाच्या वेलेपासून पान्यात हाय. किडली काय? नांगराला पन तेच लावतो."

दयारामाला हे पटले. मिठाचे पाणी लोखंडाला कसे खाते हे तो जन्मभर पाहत आला होता. आणि खाऱ्या पाण्यात राहूनही कोळ्यांचे सामान टिकते, हेही. त्याने मुशी माशाच्या तेलाचे मडके मागवले. आनंदा करी तसे प्लग काढून आत सढळ हाताने तेल ओतले, बाहेरून फडक्याने माखले. ताप अंगावर असतानाही त्याने हा नेम मोडला नाही. गावातली मांजरे ताडपत्रीखाली घुसू लागली.

"तुमचा ट्रक मांजराच वढून नेतील," मैना म्हणे, आणि तो कौतुक ऐकल्यासारखा हसे.

दसऱ्याच्या आधी आनंदा आला. त्याने ताडपत्री काढली, हँडल लावले आणि जोर केला. हँडल हलले नाही. त्याने प्लग काढून बोट आत घातले. बोटाला लाखेसारखा चिकट, पिवळा थर लागला.

"दादा, तेल कोनचं टाकलंस?"

"मुशीचं. पयल्या धारंचं." दयारामाच्या आवाजात अजून अभिमान होता.

माशाचे तेल आत सुकून घट्ट झाले होते आणि त्याने पिस्टन जागच्या जागी धरून ठेवले होते. आनंदाने घासलेट ओतले, वाट पाहिली, पुन्हा ओतले. लाकडी ठोकळा ठेवून ठोकले. शेवटी एका घावासरशी वेगळाच आवाज झाला. ब्लॉकला तडा गेला होता.

दोघे पायरीवर बसले. हाताचे काळे पुसत आनंदा हळूच म्हणाला, "मीच सांगाया पायजे व्हतं, कोनचं तेल ते. पुडच्या साली दुसरं इंजिन बगू. तवर पलस्प्याच्या गॅरेजात काम मिलंल मला."

दयारामाला एवढेच तर हवे होते. पण भावाच्या तोंडाकडे पाहण्याचे धैर्य त्याला होईना. आपल्या हाताने घडलेल्या नासाडीपायी याने आणखी एक वर्ष घालवावे, या विचाराने त्याला लाज वाटली, आणि ती लाज रागासारखी बाहेर पडली.

"कशाला? भंगारात दिस घालवाया? तू जा मुंबैला."

आनंदाचा हात थांबला. "जाऊ म्हनतोस?"

"जा म्हनलं ना!"

"बरं."

दसरा होताच आनंदा ट्रंक घेऊन निघाला. दादाच्या पाया पडला, वहिनीच्या पडला. तो वळणाआड गेल्यावर मैना म्हणाली, "थांब म्हनाल, याची वाट बगत व्हता तो. कललं नाय तुमाला?"

"कललं," दयाराम म्हणाला. "तवाच कललं."

"मंग जावा की! मोटार अजून भरली नसंल."

दयारामाने घाईने वहाणा चढवल्या आणि अंगण ओलांडले. चासीच्या टोकाशी तो थबकला. थांब म्हणायचे, पण कशासाठी? आजवर त्याने भावाला ट्रकच्या नावाने अडवले होते. ट्रक नसताना, नुसता तू हवास म्हणून राहा, असे भावाला म्हणायचे तरी कोणत्या शब्दांत, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. तो शब्द जुळवू लागला. स्टँडाच्या बाजूने मोटारीचा भोंगा वाजला, तेव्हाही तो वहाणा घालून तिथेच उभा होता.